राहते घर आणि रिकामे घर

दसरा-दिवाळी आटोपली, सोयाबीनचा हिशेब लागला, की आमच्या लातूर जिल्ह्यात घरांना हात लागतो. शिरूर अनंतपाळसारख्या गावात जुन्या गल्ल्यांतून हिंडावे, तर कुठे माळवदाची माती खाली येत असते, कुठे किडलेली तुळई बदलली जात असते. पुष्कळ घरांचे मालक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला. वडिलार्जित घर पाडवत नाही आणि आहे तसे ठेववतही नाही, म्हणून दुरुस्ती निघते. आईला चार महिने आपल्याकडे न्यायचे, तांब्यापितळेची भांडी एका खोलीत रचून कुलूप लावायचे, किल्ली शेजारच्या काकांकडे द्यायची. ‘‘घराचा विमा आहे ना? मग काळजी कसली!’’ असे म्हणून मंडळी मोटारीत बसतात.

वाचकहो, खरी काळजी इथूनच सुरू होते.

आम्ही मराठीचे मास्तर. शब्दांचा कीस काढणे हा आमचा धंदा. ‘राहते घर’ या दोन शब्दांत आपण घराकडे पाहतो. विमा कंपनी ‘राहते’ या विशेषणाकडे पाहते. राहत्या घरात विजेच्या तारेचा जळका वास येताच कोणीतरी उठतो, पावसाचे पाणी झिरपले तर खाली घमेले ठेवतो, कडी वाजली तर ‘कोण आहे?’ म्हणून ओ देतो. रिकाम्या घरात हे करणारे कोणी नसते. म्हणून अग्निविम्याच्या जुन्या ठरावीक करारात स्पष्ट अट असे, की इमारत ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली आणि कंपनीची संमती आधी घेतलेली नसली, तर संरक्षण संपले. आपल्या हातातल्या कागदात ही मुदत किती आहे, शब्द कोणते आहेत, हे कुलूप लावण्यापूर्वी वाचलेच पाहिजे.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात ‘भारत गृह रक्षा’ नावाचा घरविम्याचा एकच ठरावीक करार आला. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप हे सारे त्यात येते. पण दुरुस्ती काढणाऱ्याने त्यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. जमीन खचून झालेले नुकसान त्यात धरले आहे. परंतु बांधकाम, पाडकाम, दुरुस्ती किंवा खोदाई यांमुळे जमीन खचली, तर ते वगळले आहे. दुसरी गोष्ट चोरीची. आग-पुरासारखी विम्यातली आपत्ती कोसळली आणि तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तर भरपाई मिळते. एरवी रिकाम्या घराचे कुलूप तोडून कोणी हंडे-घंगाळी नेली, तर त्यासाठी घरफोडीचा विमा निराळा घ्यावा लागतो.

मराठवाड्यात तर हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माथ्यावरचे मातीचे ओझे यांनीच झोपलेली माणसे गाडली गेली. तेव्हापासून माळवद उतरवून हलके छत घालावे, असे ज्याला त्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. पण छत उतरले आणि नवे अजून चढले नाही, त्या मधल्या दिवसांत भिंती बिनआधाराच्या उभ्या असतात. एखाद्या अवकाळी सरीने चिखलाचा सांधा सुटतो. घर सर्वांत दुबळे असते ते याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच त्यात राहणारे कोणी नसते.

मग करावे काय? काम सुरू होण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवावे. घर कोणत्या तारखेपासून किती दिवस रिकामे, काय पाडणार, काय बांधणार, सारे लिहावे. एजंटाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नये, संमतीची पुरवणी मूळ करारास जोडून घ्यावी. अर्जात भिंत मातीची तर मातीचीच लिहावी. माळवदाला ‘स्लॅब’ म्हटले, की भरपाईच्या वेळी तोच शब्द आडवा येतो. काम मोठे असेल, तर चालू बांधकामाचा स्वतंत्र विमा मिळतो. तो ठेकेदाराने घेतला आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. आणि परातीत माती घेऊन शिडी उतरणाऱ्या मजुराचे काय? तो पडला, तर आपल्या घरविम्याच्या भरवशावर राहून चालत नाही. त्याच्यासाठी मजुरांच्या भरपाईचा विमा असावा. आपल्या भांड्यांची मोजदाद करणाऱ्याने त्याच्या हातापायांचीही करावी.

जुन्या भिंतींची, तुळयांची, सामानाची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. दिवसाआड कोणी जाऊन पाहील, रात्री राखणदार झोपेल, अशी सोय करावी. काम संपले, की घराची वाढलेली किंमतही कंपनीला कळवावी. नाही तर नव्या घराला जुन्या घराएवढीच भरपाई.

या पाडव्याला घरदुरुस्तीचा बेत ठरला असेल, तर अंदाजपत्रकात वाळू, सिमेंट, लाकूड यांच्याखाली विम्याची एक ओळ जरूर घाला. किल्ली काकांच्या हाती पडण्याआधी ते पत्र कंपनीच्या हाती पडू द्या.