वेदनेपलीकडचा विंचूदंश

रोगाचे नाव ठाऊक असणे आणि तो रोग देहात कोणत्या क्रमाने आपले कार्य साधतो हे ठाऊक असणे, या दोहोंत केवढे अंतर आहे याची साक्ष ज्याला हवी असेल, त्याने रायगड जिल्ह्यातील विंचूदंशाचा इतिहास पाहावा. 1976 साली, जेव्हा सरकारी दप्तरी या जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबाच होते, तेव्हा महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. आणि तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत दगावू लागली.

रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी जे टिपले ते कोणालाही चकित करील. ज्याला दंशाच्या जागी असह्य ठणका लागे तो बहुधा वाचे. उलट ज्याची वेदना सोसण्याजोगी, परंतु वांत्या होऊन ज्याला दरदरून घाम फुटला आहे आणि ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याचाच जीव धोक्यात असे. कारण हे विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग मिटू देत नाही. त्यामुळे उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा सुटून रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदय थकते, आणि मागे तुंबलेल्या रक्तातील द्रव फुप्फुसात झिरपून तोंडाला गुलाबी फेस येतो. घाम व वांत्यांवाटे पाणी आणि क्षार बाहेर चालले असताना फुप्फुस मात्र पाण्याने भरत आहे, अशा या विपरीत अवस्थेत केवळ शुष्कता पाहून सलाइनचा मारा करणारा चिकित्सक सद्हेतूनेच अनर्थ ओढवून घेतो.

बिघाडाचा हा क्रम उमगला म्हणूनच आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरील स्वस्त गोळी बावस्करांना सुचली. 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अनुभव प्रसिद्ध झाला, आणि पूर्वी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत, ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उतरले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती यथायोग्यच होय.

परंतु शरीरातील विकृतीचे हे शास्त्र वैद्यकाचे विद्यार्थी परीक्षेपुरते घोकतात आणि शासन ते तज्ज्ञांच्या हवाली करून निश्चिंत होते, हे मला साफ अमान्य आहे. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत प्रत्येक आरोग्य केंद्रात या गोळीचा साठा असावा, आणि ती हातपाय ऊबदार होईपर्यंत दर 3 तासांनी द्यावी, तसेच रक्तदाब एकाएकी घसरू नये म्हणून रुग्णास निजवूनच ठेवावे, ही समज तेथील प्रत्येक कर्मचाऱ्यास असावी, अशी तजवीज जिल्हा परिषदेने केली पाहिजे. वाचकांनाही एवढीच विनंती आहे की, विंचू चावलेल्या माणसास, विशेषतः मुलास, घाम फुटून हातपाय गार पडले, तर वेदना कमी आहे या भरवशावर थांबू नये, भगताकडे तर मुळीच जाऊ नये. तडक दवाखाना गाठावा.