मयताला सर्टिफिकेट कशाला?

बाप गेला त्या रात्री मी मुंबईत गोदीवर पोती उचलत होतो. मुकादमाला सांगितलं आणि आहे त्या कपड्यानिशी गाडीत चढलो. इचलकरंजीत पोचेस्तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार कललेली. तीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर कापड विणलेला माणूस पांढऱ्या कापडाखाली पडला होता. ते कापडही उधारीचं.

मला वाटलं, सगळे माझी वाट बघतायत. तसं नव्हतं. सगळे सर्टिफिकेटची वाट बघत होते.

भन्ते बाहेरगावी. फोन बंद. मी आल्यावर आत्तीनं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि सुरुवात केली. आत्ती म्हंजे जन्मभर कांड्या भरलेली बाई. त्रिसरण, पंचशील, भीमस्मरण सगळं तोंडपाठ. वस्तीतली निम्मी पोरं तिच्याकडनंच म्हणायला शिकली. दोन ओळी होतात न होतात तोच शेजारच्या वस्तीतले एक बौद्धाचार्य आले. पांढरा झब्बा, खिशाला बिल्ला. "थांबा बाई. तुमचं शिबिर झालंय काय? सर्टिफिकेट हाय काय? आणि बाईमाणसानं मयताचा विधी कुठं करायचा असतोय?"

आत्ती गप्प झाली. मीपण. स्टेजवर व्यवस्थेची आतडी बाहेर काढणारा मी, बापाच्या उशाशी तोंडात मूग धरून बसलो. अर्धा तास बाचाबाची चालली. उन्हात मयत तसंच. शेवटी बिल्लेवाल्यानंच विधी उरकला, दोनदा घड्याळ बघितलं आणि पाकीट खिशात घालून निघाला. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, तो एकटाच तसा.

पुण्यानुमोदनाच्या रात्री विहारात हाच वाद पेटला. जुनी माणसं म्हणाली, चीवर घातलेल्याशिवाय विधी नको. मधली म्हणाली, शिबिर केलेला बौद्धाचार्य पाहिजे. आम्ही पोरं म्हणालो, कुणीही करावा, आग लावा तुमच्या शिबिराला. त्या रात्री मी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतो. आता तसं ओरडणार नाही. पण आधी चीवरवाल्यांचा हिशेब.

दोस्तहो, १९५० साली बाबासाहेबांनी 'महाबोधी' मासिकात भिक्खूंबद्दल काय लिहिलं ते एकदा वाचा. आजच्या भिक्खूत विद्या नाही आणि सेवाही नाही, हा त्यांचा आरोप. हजारो बिनकामाचे नकोत, थोडे पण शिकलेले पाहिजेत. कुणाकडनं शिका म्हणाले? ख्रिस्ती पाद्र्यांकडनं, त्यातही जेझुइटांकडनं. शाळा काढणाऱ्या, दवाखाने चालवणाऱ्या माणसांकडनं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही त्यांनी तोच सवाल टाकलाय: भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, का समाजाचा सेवक? सवाल टाकून ते गेले. आपण उत्तर द्यायच्या ऐवजी पाया पडत बसलो.

आणि नागपूर? १४ ऑक्टोबर १९५६. चंद्रमणी महास्थविरांकडनं बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. मग बाबासाहेब लोकांकडे वळले आणि लाखोंना स्वतः दीक्षा दिली. कोटातल्या, बायको शेजारी असलेल्या संसारी माणसानं. दोन दिवसांनी चांद्याला पुन्हा तेच. त्यांनी कुठलं शिबिर केलं होतं? कुणाच्या सहीचा कागद होता त्यांच्या खिशात?

इथं बिल्लेवाला लगेच म्हणेल, "पण परीक्षा आणि सनद बाबासाहेबांनीच मागितली होती की!" खरं आहे. १९३६ चं लाहोरचं न झालेलं भाषण. पुरोहितपण जन्मानं मिळता कामा नये, ते सगळ्यांना खुलं करा, सरकारनं परीक्षा घ्यावी, सनदेशिवाय विधी करणारा गुन्हेगार ठरावा, असं त्यांनी मांडलं. पण ती सनद भटाच्या जन्माला कात्री लावायला होती. कांड्या भरणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला नव्हती. शिवाय ती परीक्षा होती. आपल्याकडं चार दिवस बसा, खिचडी खा, ग्रुप फोटो काढा, झाला आचार्य. ज्याची परीक्षाच घेतली नाही त्याला पास कशाचं करता?

आपल्या जिल्ह्याला हा वाद नवा नाही. वेदोक्ताच्या भांडणात शाहू महाराजांना भटांनी शूद्र ठरवलं. १९२० साली महाराजांनी कोल्हापुरात मराठा पुरोहितांसाठी वैदिक शाळा काढली, बेनाडीकरांना क्षात्रजगद्गुरू केलं. त्याच साली मार्चात, इथनं सायकलीवर जाण्याइतक्या माणगावात, महाराजांनी परिषदेत भीमरावांच्या हाती आपलं पुढारपण दिलं. महाराजांपुढं मी मान झुकवतो, पण पुरोहितांच्या शाळेबद्दल माझं मत वेगळं आहे. भट बदलला, मंत्र तेच राहिले. जोतीरावांचे सत्यशोधक त्याच्या कितीतरी आधी भटाशिवाय लग्नं लावत होते आणि दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात ओढले जात होते. मंगलाष्टकं मराठीत, नवरा-नवरीनं एकमेकांना सवाल-जबाब करायचे. बोलणाऱ्याला कळतंय, ऐकणाऱ्याला कळतंय. जोतीरावांनी नुसता माणूस बदलला नाही, काम बदललं.

आता माझी फजिती. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी आत्ती म्हणाली, "पोरा, तू मॅट्रिक झालायस, कविता करतोस. मी म्हणत्ये त्या गाथांचा अर्थ सांग बघू. चाळीस वर्षं म्हणत्ये, कुणी सांगितलाच न्हाई."

मला येत नव्हता. पंचशीलाचं थोडं सांगितलं, पुढं अडखळलो. 'कुणीही करावा' म्हणणारा हा वीर! अर्थ न कळता म्हटलेली पाली आणि अर्थ न कळता ऐकलेलं संस्कृत, आमच्या कानाला फरक तो काय?

गोदीत परत आलो. एका जहाजावर गुंटूरचा खलाशी भेटला, ल्यूथरन ख्रिस्ती. चहा पिता पिता त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. "भाई, हमारे यहाँ भी यही झगडा है." त्याचा बाप उपदेशक. गावोगाव पायी फिरला, आजाऱ्याच्या उशाशी बसला, पण प्रभुभोजनाची भाकर द्यायचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार शहरातल्या सेमिनरीत वर्षं घालवून आलेल्या पाळकाचा, आणि तो कधीतरीच येणार. म्हंजे ज्या ल्यूथरनं १५२० साली प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेला माणूस याजकच आहे असं लिहिलं, त्याच्याच चर्चात हे! अमेरिकेतल्या मिसूरी सिनडच्या ल्यूथरनांनी २००७ साली दुसरी वाट काढली: आपल्या मंडळीत काम करत, बहुतेक घरूनच शिकत पाळक व्हायचं. त्यावरही तिथं भांडण मिटलेलं नाही. एक म्हणतात विद्या पातळ होईल, दुसरे म्हणतात मंडळी पाळकाविना मरेल.

नुसती सेमिनरी लांबलचक असून भागत नाही, हे आपल्याच मराठी मुलखातल्या अरविंद निर्मळांनी दाखवलं. १९८१ साली बंगलोरात त्यांनी सरळ विचारलं, की भारतातलं ख्रिस्ती धर्मशास्त्र ब्राह्मणी परंपरेशीच किती काळ बोलत बसणार? चर्चातली बहुसंख्य माणसं दलित, त्यांचं दुःख या शास्त्रात कुठाय? पुढं १९८७ पासून मद्रासच्या गुरुकुल ल्यूथरन कॉलेजात दलित धर्मशास्त्राचा विभाग त्यांनी चालवला. म्हंजे शिकवायची वर्षं किती यापेक्षा शिकवता काय, हा सवाल जुनाच आहे.

आपल्याकडंही दुसऱ्या वाटा निघाल्या. १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे धम्मचारी आले: संसारी असो वा ब्रह्मचारी, दीक्षा एकच, आणि ती वर्षानुवर्षं शिकल्यावर. नागपूरला नागलोकात पोरापोरींना ठेवून घेऊन शिकवतात. चांगलं आहे. पण माझ्या मागवाल्या भावाला कोण ठेवून घेणार? तो बारा तासांची पाळी सोडून गेला तर घरची चूल कोण पेटवणार? रिकामा वेळ ज्याच्याकडं, धर्म त्याच्याकडं, हे तर भटांचंच गणित झालं.

म्हणून म्हणतो, शिक्षण कडक पाहिजे आणि ते पाळी सुटल्यावर, वस्तीतच पाहिजे. पाठ किती आहे ते विचारू नका, अर्थ विचारा. मयताच्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीनं विचारलं, "माझा आजा गेला कुठं?" तर हा माणूस काय सांगतो ते बघा. वस्तीनं परीक्षा घ्यावी, वस्तीनंच नापास करावं. बाईला बंदी घालणाऱ्यानं आधी वैशालीला जाऊन यावं. गोतमी केस कापून, सुजलेल्या पायांनी तिथवर चालत गेली होती.

आत्तीनं वर्ग सुरू केलाय. पाळी सुटल्यावर, विहाराच्या ओट्यावर. मी मुंबईहून पालीच्या अर्थाची पुस्तकं पाठवतो. तिला वाचता येत नाही, म्हणून नववीतली एक पोरगी वाचून दाखवते, आणि आत्ती प्रत्येक ओळीला "म्हंजे काय?" म्हणून अडवते. परवा दोघी पंचशीलाच्या चौथ्या शीलावर आठवडाभर अडून बसल्या होत्या. मालक मागावरचं कापड कमी मोजतो, त्याच्या पुढं गप्प बसणं हे खोटं बोलणं होतं का नाही, यावर.

बिल्लेवाल्यालाही निरोप धाडलाय. अजून आला नाही.