नाण्यावरचे साल आणि नाण्याचे वय

1840 साल घातलेला राणीछाप रुपया 1840 मध्येच पाडला गेला असेल, असे समजायला काहीही आधार नाही. हाच ठसा, हेच साल घेऊन कलकत्ता, मुंबई आणि मद्रासच्या टांकसाळी 1862 पर्यंत रुपये पाडत राहिल्या. त्याआधीचा 1835 सालचा रुपया चौथ्या विल्यमचा. विल्यम जून 1837 मध्ये वारला, पण त्याचा मुखवटा असलेले रुपये 1840 पर्यंत, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर बसून तीन वर्षे होईपर्यंत, बाहेर पडत होते. तरीही आपल्या क्षेत्रात नाणे हाती घेतल्यावर पहिली नजर जाते ती सालावर. पाकिटावर लिहिले जाते ते साल, यादी लावली जाते ती सालवार, आणि भाव विचारला जातो तोही साल सांगूनच. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींची नाणी गोळा करणाऱ्याने साल सर्वांत शेवटी वाचावे, त्याआधी वजन, काठ आणि टांकसाळीचे चिन्ह तपासून लिहून ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते थोडे हट्टी वाटेल याची कल्पना आहे, म्हणून पुरावा सविस्तर मांडतो.

साल गोठवण्याची ही रीत ईस्ट इंडिया कंपनीने आळसापायी काढलेली नव्हती. मुघली परंपरेत रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. बंगालच्या बाजारात चालू वर्षाचा सिक्का रुपया पुऱ्या भावाने चाले. दोन-तीन वर्षे जुना झाला की चांदी तेवढीच असूनही सराफ त्यावर बट्टा कापत. रयतेकडून सारा घेताना आणि शिपायांचा पगार वाटताना हा बट्टा कोणाच्या तरी अंगावर यायचाच. त्यावर कंपनीने काढलेला उपाय असा, की रुपयाचे वय बाजाराला कळूच द्यायचे नाही. मुर्शिदाबादी सिक्क्यावर दुसऱ्या शाह आलमचे 19 वे वर्ष कायमचे बसले, सुरती रुपयावर 46 वे. शाह आलम 1806 मध्ये गेला. त्याचे 46 वे वर्ष मात्र पश्चिम भारतात पुढे तीन दशके खणखणत होते. अशी नाणी फारसी लेख वाचून ओळखू म्हणणारा अभ्यासक फसणार हे ठरलेलेच, कारण लेख शब्दशः तोच आहे. 19 व्या वर्षाचे मुर्शिदाबादी रुपये कालक्रमाने लावता येतात ते काठावरून. काठावर तिरक्या रेघा असतील तर नाणे आधीच्या काळातले, उभ्या रेघा असतील तर मधल्या, आणि काठ सपाट असेल तर 1830 नंतरच्या अखेरच्या काळातले. नाण्यावरचे सगळे लिखाण जिथे गप्प बसते तिथे काठ बोलतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक छायाचित्रांत नेमका काठच नसतो.

1862 चा रुपया हे याच धोरणाचे पुढचे टोक. त्यावरचे साल 1874 पर्यंत बदलले नाही. मुंबईच्या टांकसाळीने मात्र स्वतःच्या हिशेबापुरती एक खूण ठेवली. मागच्या बाजूला तारखेपाशी आणि नक्षीत बारीक ठिपके घालून तिने खरे वर्ष नोंदवले. नुसत्या डोळ्यांना हे ठिपके नक्षीचाच भाग वाटतात. दहापट भिंगाखाली, उजेड एका बाजूने तिरका सोडला, की ठिपक्याची गोल उंची आणि ठशाला गेलेल्या तड्याचा ओबडधोबड फुगवटा यांतला फरक कळतो. ज्याने 1862 चा एक रुपया ठेवला आणि उरलेले ‘डुप्लिकेट’ म्हणून बदलीत देऊन टाकले, त्याने एका दशकाची मुंबईची टांकसाळ हातची घालवली असे आम्ही म्हणू. 1840 च्या रुपयाचेही तेच. राणीच्या डोक्याभोवतीचा लेख अखंड आहे की मध्ये तुटलेला, हे पाहिल्याखेरीज तो आधीचा की नंतरचा हे सांगता येत नाही.

भारताबाहेरच्या नाण्यांत साल खरे असले तरी अपुरे असते. 1918 ची सोन्याची गिन्नी घ्या. त्या साली सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि मुंबई अशा पाच ठिकाणी गिन्न्या पडल्या. पंचम जॉर्जचा चेहरा तोच, पिस्त्रुचीचा घोडेस्वार सेंट जॉर्ज तोच, वजन 7.98 ग्रॅम, सोने 22 कॅरट. युद्धकाळात रॉयल मिंटची शाखा म्हणून मुंबईत जेमतेम वर्षभर चाललेल्या टांकसाळीने सुमारे 13 लाख गिन्न्या पाडल्या. त्यांची ओळख पटते ती तारखेच्या वर, जमिनीच्या रेषेवर कोरलेल्या ‘आय’ या इवल्याशा अक्षराने. हे अक्षर पाठ झाले म्हणजे काम झाले असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या 1916 ते 1918 च्या पेनीवर हाच ‘आय’ कलकत्त्याची खूण आहे आणि 1942-43 च्या पेनीवर तोच मुंबईची. हाँगकाँग आणि मलायाच्या व्यापारासाठी 1895 पासून पाडलेल्या ब्रिटिश ट्रेड डॉलरवर मुंबईचा ‘बी’ ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर दडलेला असतो. त्यावर चिनी आणि अरबी वळणाच्या मलाय लिपीतला मजकूर असल्याने आपले संग्राहक तो ‘परदेशी’ म्हणून बाजूला सारतात. पैसे खर्चून परदेशातून मागवलेला डॉलर मुळात मुंबईच्या फोर्टात पडलेला असतो, हा त्यातला गमतीचा भाग. त्याहून टोकाचे उदाहरण मारिया थेरेसा थेलरचे. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी 1780 मध्ये वारली आणि तेच साल घातलेले तिचे थेलर मुंबईने 1940-41 मध्ये पाडले.

आता पहिला आक्षेप. साल एवढे कुचकामी असेल तर 1939 चा रुपया एवढा महाग का? खरे आहे, तो दुर्मीळ आहे आणि त्याची किंमत सालामुळेच आहे. पण म्हणूनच खोटेपणा नेमका सालावर केला जातो. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की नुसता वजनकाटा इथे सोडवणूक करत नाही. 1938 आणि 1939 चे रुपये दोन्ही 11.66 ग्रॅमचे, दोन्ही 917 टंच चांदीचे, दोन्हींचा काठ दातेरी. 1938 मधल्या 8 चा 9 केला तर काटा ते पकडणार नाही. तिथे भिंग लागते. अंकाभोवतीची जमीन खरवडली आहे का, शेवटचा अंक आधीच्या 9 शी जुळतो का, हे पाहावे लागते. मात्र 1940 चा रुपया आणून कोणी 1939 म्हणू लागला तर तो काठावरच अडकतो, कारण त्या वर्षी चांदी 50 टक्क्यांवर आली आणि काठाची घडणही बदलली. आमचा आग्रह साल रद्द करण्याचा नाहीच. बाकीच्या साक्षींशी सालाची जुळणी व्हावी एवढेच म्हणणे आहे. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली. सुमारे 94 लाख रुपयांपैकी 7 लाखांच्या आसपासच बाहेर गेले, बाकीचे वितळवले, आणि 1912 पासून हत्ती सुधारला. तेव्हा 1911 सालाखाली सुधारलेला हत्ती दिसला तर काय समजायचे, हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांत साल पुष्कळदा खरी मदत करते, हेही मान्य. 1919 पर्यंत 925 टंच, 1920 पासून 500, 1947 पासून चांदीच नाही. हाफ क्राउनचे वजन मात्र तिन्ही काळांत 14.14 ग्रॅमच राहिले. पण इथेही खात्री करून घेण्याचा साधा मार्ग आहे, आणि तो आपल्या रुपयालाही लागू पडतो. नाणे बारीक दोऱ्याने बांधून, काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात तळाला न टेकू देता बुडवावे, आणि काटा किती वाढला ते पाहावे. खऱ्या 917 टंच चांदीचा 11.66 ग्रॅमचा रुपया 1.13 ग्रॅमच्या जवळपास वाढ दाखवतो. तेवढ्याच वजनाचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला तांबे-निकेलचा तुकडा 1.3 च्या वर जातो. नाण्याला बुडबुडा चिकटला असेल तर आकडा चुकतो, म्हणून दोनदा करावे. नाण्याला ओरखडा पडत नाही, रसायन लागत नाही.

यावर म्हटले जाते की झिजलेल्या नाण्याचे वजन काय कामाचे? कामाचे आहे, एका बाजूने. झीज वजन कमी करते, वाढवत नाही. सरकारनेही 2 टक्क्यांपर्यंतची घट चालवून घेतली होती, म्हणजे 11.43 ग्रॅमचा रुपया नियमात बसत होता. त्याखाली पुष्कळ खरे, वापरून गुळगुळीत झालेले रुपये सापडतील. पण सगळी नक्षी ठसठशीत असूनही 10.1 ग्रॅम भरणारा, किंवा झिजूनही 11.9 भरणारा रुपया दिसला तर विक्रेत्याला नमस्कार करून पुढे जावे. पाव आण्याचे तसेच. 1906 मध्ये तांब्याऐवजी कांस्य आले तेव्हा त्याचे वजन 6.47 वरून 4.86 ग्रॅमवर उतरले. काळपट पडलेला, साल पुसलेला पाव आणा कोणत्या काळातला, हे काटा चटकन सांगतो.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे. प्रतवारी कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद नाणे आले की ही उठाठेव कशाला? डबी सोयीची आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण डबीत नाणे तोलता येत नाही, पाण्यात बुडवता येत नाही, आणि पुष्कळदा काठ नीट दिसत नाही. ज्या तीन साक्षींवर आम्ही भर देतो आहोत त्यांतल्या दोन डबी झाकते. शिवाय मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या सालांची प्रूफ नाणी विसाव्या शतकातही संग्राहकांसाठी पुन्हा पाडून दिली. त्यांवरचे साल जुने, धातू आणि साचेही अस्सल, तरी वय वेगळे. असा फरक कागदावर नोंदलेला नसेल तर चिठ्ठीवरची प्रत कितीही उंच असली तरी प्रश्न उरतोच.

आणि आता त्या ‘1818’ विषयी, जो दर महिन्याच्या टपालात असतोच. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, अर्धा किंवा एक आणा, मागे मारुती, रामपंचायतन किंवा लक्ष्मी. कोणी त्याला तांदूळ ओढणारे नाणे म्हणून लाखांचा भाव सांगतो, आणि त्यावर भोळी माणसे खरोखर पैसे घालवतात. बचाव करणारे म्हणतात, कंपनीने देवांची नाणी पाडलीच होती की! पाडली होती. मद्रासच्या तीन स्वामी होनावर विष्णू आणि त्याच्या दोन पत्नी आहेत. पण तो सोन्याचा जेमतेम साडेतीन ग्रॅमचा लहानसा होन, दक्षिणेच्या चलनपरंपरेतला. आणि आण्याचे म्हणाल तर तो तेव्हा प्रामुख्याने हिशेबाचा भाग होता. मुंबई इलाख्याने पाव आणा पाडला तो 1830 पासून, तराजूची छाप घालून. एक आण्याचे नाणे सबंध हिंदुस्थानासाठी निघाले ते 1907 मध्ये. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावरही पुण्याच्या टांकसाळीत कंपनीच्या अमलाखाली अंकुशी रुपये पडत होते, म्हणजे त्या साली कंपनी इथे काय पाडत होती याचा पुरावा आपल्याच घरात आहे. मंदिरातल्या रामटंक्यांना श्रद्धेचे मोल आहे, पण ते चलन नव्हते आणि हे 1818 वाले तुकडे तर जुने रामटंकेही नव्हेत. यातला फसवा भाग नेमका साल हाच आहे. ते काढून टाकले तर उरतो तो पितळेचा तुकडा.

पुढच्या अंकापासून ‘ओळख पटवा’ या सदरात येणाऱ्या नाण्यांसाठी आम्ही एक अट घालत आहोत. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास, दोन्ही बाजूंसोबत काठाचे छायाचित्र, आणि नाणे कुठून आले याची एक ओळ, हे चार तपशील नसतील तर पत्र परत जाईल. काठाचे छायाचित्र काढताना नाणे दोन कागदी पट्ट्यांच्या मध्ये उभे धरावे, चिमट्याने नव्हे. 1862 चे रुपये असतील तर ठिपके मोजून आकडाही लिहावा, आणि ठिपका की तडा याबद्दल शंका असेल तर तसे लिहावे. या रुपयांच्या नोंदी पुरेशा जमल्या तर वर्षाखेरीस त्यांचा एकत्र तक्ता छापायचा मानस आहे. पाकिटावर साल लिहायचे असल्यास जरूर लिहावे, शेवटच्या रकान्यात.