देव परदेशी, प्रतिकृती घरी

कंबोडियाच्या ताकेओ प्रांतात अंगकोर बोरेई नावाचे एक गाव आहे. अंगकोर वाट पाहून परतणाऱ्या आपल्याकडील सहलींच्या वाटेवर ते येत नाही. गावात लहानसे वस्तुसंग्रहालय आहे आणि जवळच नॉम दा ही टेकडी. सहाव्या-सातव्या शतकात ख्मेर शिल्पकारांनी या टेकडीसाठी अष्टभुज विष्णू घडविला, हरिहर घडविला, एका हातावर गोवर्धन तोलणारा कृष्ण घडविला. संग्रहालयात येणाऱ्या भाविकाला मात्र या थोर मूर्तींच्या प्रतिकृतींवर समाधान मानावे लागते. मूळ देव गेले कोठे?

विष्णू निदान स्वदेशात, नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एका हरिहराचे मस्तक फ्रेंचांनी १८८०च्या दशकात पॅरिसला नेले, ते २०१६ साली परत येऊन धडाला जोडले गेले. तब्बल १३० वर्षे देवाचे शिर एका खंडात आणि धड दुसऱ्या खंडात! एक गोवर्धनधारी तर युरोपमार्गे अमेरिकेत पोहोचला; १९७३ साली क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने तो विकत घेतला.

'आम्ही नेल्या म्हणून मूर्ती वाचल्या' हा पाश्चात्त्यांचा ठरलेला युक्तिवाद. ख्मेर रूजचा नरसंहार आठवला की त्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य. पण नॉम दाच्या कृष्णमूर्तींचे तुकडे ब्रुसेल्समधील एका प्रासादाच्या बागेत पुरलेले सापडले. त्यांतले कोणते क्लीव्हलँडच्या कृष्णाचे आणि कोणते नॉम पेन्हमधील दुसऱ्या कृष्णाचे, हा घोळ निस्तरण्यात कित्येक दशके गेली. याला रक्षण म्हणायचे? आणि यादवीच्या धुमाळीत चोरलेला माल विकत कोणी घेतला? उत्तरेकडील कोह केर येथून घोट्यापाशी तोडून पळविलेला दुर्योधन अमेरिकेतील लिलावगृहातून २०१४ साली परतला, तोही न्यायालयात दावा उभा राहिल्यावरच.

अंगकोर बोरेईतच ख्मेर भाषेतील सर्वांत जुना कालनिर्देशित शिलालेख सापडला. त्यावरील वर्ष आहे शक ५३३, म्हणजे इ.स. ६११. मराठी घरातील पंचांगावर आजही हाच शक छापला जातो. तरीही बृहत्तर भारताचे नाव काढताच आपले पुरोगामी विद्वान नाक मुरडतात. त्यांना विस्तारवादाचा वास येतो. कोणत्या भारतीय सैन्याने हा देश जिंकून तेथे विष्णू बसविला? ख्मेरांनी हे देव स्वेच्छेने स्वीकारले, स्वतःच्या छिन्नीने घडविले. म्हणूनच त्या मूर्ती ख्मेरांच्या आहेत, आणि आपल्यातील अतिउत्साही मंडळींनीही 'आपलेच साम्राज्य' असा टेंभा मिरवू नये. आज बौद्ध असलेला हा समाज अंगकोर वाटच्या प्रवेशद्वारातील विष्णूला 'ता रीच' म्हणतो आणि त्याच्यापुढे श्रद्धेने उदबत्ती लावतो. एवढी निष्ठा आपल्या किती पडक्या देवळांच्या वाट्याला येते?

श्रीपुरंतनचा चोरीस गेलेला नटराज २०१४ साली ऑस्ट्रेलियाने भारताला परत केला. तोच न्याय नॉम दाच्या कृष्णाला लागला पाहिजे, आणि तसे भारताने कंबोडियाच्या खांद्याला खांदा लावून जगाला ठणकावून सांगितले पाहिजे. सरकारची वाट न पाहता करण्याजोगी गोष्टही आहे. दिवाळीच्या सुटीत अंगकोर वाटला जाणाऱ्या कुटुंबांनी परतीच्या आधी एक दिवस अंगकोर बोरेईसाठी राखावा, मुलांना ती प्रतिकृती दाखवावी आणि मूळ मूर्ती कोठे आहे तेही सांगावे.