पाच मैलांचा डोलारा
यान अवाढव्य भासवायचं तर ते सावकाश हललं पाहिजे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डोक्यावरून सरकत राहणारं, संपता न संपणारं यान म्हणजे जेमतेम तीन फुटी प्रतिकृती होती. १९९३ साली ‘बॅबिलॉन ५’ या टीव्ही मालिकेच्या मंडळींनी प्रतिकृतींना रजा दिली आणि पाच मैल लांबीचं अंतराळस्थानक अमिगा संगणकांवर, लाइटवेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं. एमी पुरस्कारही पटकावला! पण डोळ्याला फसवायची युक्ती जुनीच: टिंबाएवढ्या खिडक्या, पत्र्यांचे सांधे, वळताना हत्तीची चाल. एक खिडकी जरा मोठी काढा, मैलभराच्या यानाचं लगेच खेळणं होतं. आज संगणक कैकपट ताकदवान आहेत, तरी यानं गर्रकन वळवण्याची हौस काही फिटत नाही. नव्या कलाकारांनो, आधी वेग निम्म्यावर आणा.