भाव वाढला, पैसा कोठून आला?

माढा तालुक्यांतील कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी छोटी आगगाडी जुन्या मंडळींच्या चांगली स्मरणांत असेल. तिची कंपनी 1895 सालीं लंडन येथें नोंदली गेली, 1897 सालीं गाडी सुरू झाली, आणि 1954 सालीं सरकारनें ती विकत घेतली. तिचे शेअर घेणाऱ्या विलायतेंतील किती गृहस्थांनीं माढ्याचें तोंड पाहिलें असेल? न पाहिलेल्या धंद्यांत पैसा घालावयाचा, तर त्याचे हिशेब वाचून ते समजावून सांगणारा विश्वासू मनुष्य हवाच. शेअरबाजाराचा विश्लेषक आणि गुंतवणुकीच्या पत्राचा संपादक ह्या दोघांचेंही काम हेंच. भेद इतकाच कीं, विश्लेषक पुष्कळदां दलालाच्या पेढीवर पगारी असतो. संपादकास वाचकाचें हित पाहावें लागतें.

श्रीमती सुचेता दलाल ह्यांचा व्यवसायक्रम ह्या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजांत त्यांनीं संख्याशास्त्राचा व मागाहून मुंबईस कायद्याचा अभ्यास केला. गुंतवणुकीस वाहिलेल्या एका नियतकालिकांतून त्यांनीं वृत्तव्यवसायांत प्रवेश केला व पुढें त्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्यें आल्या. तो काळ तेजीचा होता. एसीसी ह्या सिमेंट कंपनीचा सुमारें 200 रुपयांचा शेअर 9,000 च्या आसपास गेला. आज तेवढाच कारखाना नव्यानें उभारावयाचा तर किती खर्च येईल, असा हिशेब मांडून त्या भावाचें समर्थनही होत होतें. भाव योग्य कीं अयोग्य, ह्यावरच बहुतेकांची चर्चा चाले. हा पैसा येतो कोठून, हा प्रश्न श्रीमती दलालांनीं धरून ठेवला. 23 एप्रिल 1992 रोजीं त्यांचें वृत्त छापून आलें : स्टेट बँकेच्या हिशेबांत सुमारें 500 कोटींची तूट होती. सरकारी रोख्यांच्या व्यवहारासाठीं बँकांनीं दिलेला पैसा हर्षद मेहता ह्या दलालामार्फत शेअरबाजारांत जात होता. रोख्यांऐवजीं बँकेची पावती चाले, आणि कांहीं पावत्यांमागें रोखेच नव्हते! पुढें 2006 सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली, आणि त्याच वर्षीं ‘मनीलाइफ’ हें गुंतवणूकदारांचें नियतकालिक निघालें, त्याच्या संपादनांत त्यांचा प्रमुख वाटा आहे.

ज्या घरांत वडिलांच्या निवृत्तीची रक्कम, मुलांच्या शिक्षणाची शिल्लक आणि विधवा आत्याबाईंची पुंजी एकाच कर्त्याच्या सहीनें गुंतविली जाते, त्या घरास ह्यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे. एखादा शेअर घ्या, असें कोणीं लिहिलें, तर त्याचा पगार कोण देतो आणि तो शेअर त्याच्यापाशीं आहे काय, हें प्रथम पाहावें. सेबीच्या 2014 च्या नियमांप्रमाणें नोंदणीकृत विश्लेषकास आपले हितसंबंध उघड करावे लागतात. तो मजकूर बहुधा अहवालाच्या शेवटीं, बारीक अक्षरांत असतो. आमच्या वाचकांनीं व विशेषतः वाचक-भगिनींनीं तो सर्वांआधीं वाचावा, आणि मगच कर्त्यास सही करूं द्यावी.