साहेबांचे १४ टक्के, मावशींचे हजार रुपये



गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका मावशींनी मोबाईल माझ्या हातात दिला. "बाळा, माझा पीएफ किती जमलाय ते बघ ना." मावशी अकरा वर्षं शहराचे रस्ते झाडतात. काम महापालिकेचं, नोकरी ठेकेदाराची. अकरा वर्षांत तीन ठेकेदार झाले. पहिल्याने पीएफ भरलाच नाही, दुसऱ्याने मधले महिने गाळले, तिसऱ्याने नवीनच खातं उघडलं. पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी लागते. मावशींची ती कागदावर भरतच नाही.

भरली असती तरी काय मिळालं असतं? ईपीएस पेन्शनसाठी मालकाने भरायचा हिस्सा ८.३३ टक्के, तोही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये.

आता त्याच महापालिकेतल्या वर्ग एकच्या साहेबांचा हिशोब करू. नव्या पेन्शन योजनेत अधिकारी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो आणि शासनाच्या दराने त्याचा मालक १४ टक्के. दोन लाखांवर १४ टक्के म्हणजे दरमहा २८,००० रुपये. मावशींच्या १,२५० च्या बावीस पट. दोन्ही पैसे शेवटी एकाच जनतेच्या खिशातून येतात.

केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली. केंद्रामागून राज्य आणि राज्यामागून महापालिका, हा क्रम ठरलेला आहे. म्हणून सातव्या आयोगाने काय केलं ते आठवा. सर्वात खालच्या कर्मचाऱ्याचे ७,००० चे १८,००० झाले, म्हणजे २.५७ पट. सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचे ८०,००० चे २,२५,००० झाले, म्हणजे २.८१ पट. ज्याचं ताट आधीच भरलेलं, त्याला वाढणारी पळीही मोठी! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटलं, ते समजून घ्यायला हा एक तक्ता पुरेसा आहे. आणि मावशी तर या तक्त्यात नाहीतच. तक्ता संपतो, तिथून त्यांची पायरी सुरू होते.

खरी मेख पुढे आहे. महापालिकेचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं शासनाचं बंधन आहे. वरचे पगार वाढले की ही मर्यादा भरते. मग साहेबांची वेतनवाढ थांबते का? नाही. थांबते ती सफाईची भरती. काम मात्र थांबत नाही, ते ठेकेदाराकडे जातं आणि ठेकेदाराचं बिल आस्थापना खर्चात धरलं जात नाही. ठेक्यात आरक्षण नाही, पेन्शन नाही, वारसाला नोकरी नाही. पण झाडू कुणाच्या हातात जातो? पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींच्या हातात होता, त्यांच्याच. म्हणजे वेतनवाढीची किंमत कुणाच्या माथी बसते, हा हिशोबाचा नव्हे तर जातीचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही अधिकाऱ्यांच्या पोटावर उठलात. मुळीच नाही. म्हातारपणाची शाश्वती हा प्रत्येक श्रमिकाचा हक्क आहे. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपाला माझा पाठिंबाच होता. पण 'एकच मिशन' म्हणणाऱ्या त्या मोर्चात ठेक्यावरची मावशी कुठे होती?

हा प्रश्न आपल्याच साहेबांनाही आहे. आरक्षणातून खुर्चीवर बसलेले, १४ एप्रिलला वर्गणी देणारे आपले अधिकारी ठेकेदाराच्या बिलावर सही करताना पीएफचं चलन मागतात का? शिकलेल्या लोकांनी फसवलं, ही वेदना बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात जाहीरपणे बोलून दाखवली होती. ती वेदना अजून जुनी झालेली नाही.

म्हणून वेतनवाढीचा ठराव महापालिकेत येईल तेव्हा आपण चार मागण्या घेऊन उभं राहायचं :

१. वरच्या पदाचा गुणक खालच्या पदापेक्षा जास्त नको.

२. ठेक्यावरच्या सफाईचा खर्च आस्थापना खर्चात दाखवा. लपवाछपवी बंद.

३. प्रत्येक कामगाराचा पीएफ भरल्याचा पुरावा नसेल तर ठेकेदाराचं बिल अडवा. ठेकेदाराने बुडवलं तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी महापालिकेचीच आहे.

४. बारमाही काम करणाऱ्यांना कायम करा. मुंबईतल्या २,७०० सफाई कामगारांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून हे मिळवलं आहे. म्हणजे ते अशक्य नाही.

तरुण मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. आपल्या वस्तीतल्या दहा सफाई कामगारांची पीएफ पासबुकं उघडून बघा. कुठले महिने गाळलेत ते लिहून काढा. आपल्या लढ्याची सुरुवात त्या कागदापासून होईल.

जय भीम! जय संविधान!